हिब्रू, ग्रीक, इतिहास आणि विज्ञान: एकाच पदवीत घेताना

बायबलच्या मूळ भाषा, प्राचीन इतिहास आणि एखादा विज्ञान विषय असं त्रिकूट पदवीला घेणारे विद्यार्थी थोडे असतात, पण असतात. कुणाला पुढे पुरातत्त्वात जायचं असतं, कुणाला धर्मशास्त्रात, कुणाला जुन्या हस्तलिखितांच्या जतनाचं काम करायचं असतं. या तिघांची बहुतेक गाडी पहिल्या वर्षी एकाच ठिकाणी अडते, आणि ते ठिकाण विषयांच्या अवघडपणाचं नसतं. ते वेळापत्रकाचं असतं.

इतिहासाचा पेपर तीन आठवडे मान मोडून वाचला तर सुटतो. विज्ञानाची गणितं एखादं प्रकरण नीट बसलं की पटापट सुटायला लागतात. भाषेचं तसं होत नाही. हिब्रू क्रियापदांचा तक्ता परीक्षेच्या आधी दोन रात्रीत पाठ होतो आणि पुढच्या सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात पुसला गेलेला असतो. म्हणून माझं मत ठाम आहे: या तीन विषयांतली भाषा पहिल्याच सत्रात सुरू करा, रोज करा, आणि बाकी दोन विषय तिच्याभोवती बसवा.

तासांचा हिशेब आधी मांडून घ्यावा. युरोपात तीन वर्षांच्या पदवीला १८० श्रेयांक (क्रेडिट) लागतात आणि एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तास काम. ब्रिटनमध्ये ३६० श्रेयांक, प्रत्येकी १० तासांचे. अमेरिकेत चार वर्षांना साधारण १२० श्रेयांक, आणि आठवड्याच्या एका वर्गतासामागे दोन तास घरचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे तिथला चार श्रेयांकांचा हिब्रूचा पेपर आठवड्याला १२ तास मागतो. हे १२ तास रविवारी एका बैठकीत भरून निघत नाहीत. रोज ५० मिनिटं सकाळी, ५० मिनिटं संध्याकाळी, आठवड्यातले सहा दिवस केले की १० तास होतात. उरलेले दोन तास लेखी उताऱ्याला. प्रयोगशाळेच्या दिवशी संध्याकाळची बैठक बुडणार हे उघड आहे, तर त्या दिवशी नवा धडा न घेता फक्त शब्दांची उजळणी ठेवावी.

हिब्रू: अक्षरं सोपी, क्रियापदं नाहीत

हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं, सगळी व्यंजनं, लेखन उजवीकडून डावीकडे. पाच अक्षरांना शब्दाच्या शेवटी वेगळा आकार असतो: काफ, मेम, नून, पे, त्सादे. एवढं पहिल्या आठवड्यात होतं. घोळ होतो तो सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत. दालेत आणि रेश यांच्यात फरक काय, तर दालेतच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला टोक असतं आणि रेशचा कोपरा गोल असतो. हे आणि हेत यांत डाव्या पायाच्या वर फट आहे की नाही एवढाच फरक. बेत-काफ आणि शेवटचा मेम-सामेख या आणखी दोन जोड्या. या जोड्या मोठ्या आकारात, हाताने, पेनाने लिहून काढा. पडद्यावर बघून हा फरक हातात उतरत नाही. लिप्यंतर करून वाचायची सवय दुसऱ्या आठवड्यानंतर बंद करावी. ती जितकी लांबेल तितकं मूळ पान अनोळखी राहतं.

स्वरचिन्हं नंतर आली. तिबेरियासच्या मासोरेती पंडितांनी (बायबलचा हिब्रू मजकूर जपणाऱ्या यहुदी विद्वानांनी) साधारण सातव्या ते दहाव्या शतकात ती व्यंजनांच्या वर-खाली-आत बसवली. इथे दोन गोष्टी नेहमी चुकतात. पहिली म्हणजे श्वा: दोन उभे ठिपके, कधी उच्चारले जाणारे, कधी मुके. दुसरी कामेत्स: एकच चिन्ह कधी ‘आ’, कधी ‘ओ’. दोन्हींचे नियम शब्दाच्या अवयवविभागणीवर (अवयव म्हणजे सिलॅबल) अवलंबून आहेत, म्हणून शब्द अवयवांत तोडायचा सराव पहिल्या तीन आठवड्यांत करूनच घ्यावा. तो टाळून पुढे गेलेल्याला पुढची क्रियापदं म्हणजे नुसता गोंधळ वाटतो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात क्रियापदं येतात आणि वर्ग रोडावतो. पाठ्यपुस्तक तीन ‘मजबूत’ व्यंजनांच्या धातूवर सात बिन्यानांचे (क्रियापदाच्या साच्यांचे) तक्ते देतं: काल, निफाल, पिएल, पुअल, हितपाएल, हिफिल, होफाल. विद्यार्थी ते चोख पाठ करतो. मग उत्पत्तीचं पान उघडतो आणि त्यात तक्त्यासारखं जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण सर्वांत जास्त वापरात असलेले धातू नेमके दुबळे आहेत, म्हणजे त्यांतलं एखादं व्यंजन गळतं किंवा बदलतं. देणे, घेणे, जाणे, बसणे, येणे, उठणे, बघणे, करणे यांतला एकही धातू तक्त्याप्रमाणे सरळ चालत नाही.

एक रूप जवळून बघू: ‘वय्यित्तेन’, म्हणजे ‘आणि त्याने दिलं’. पानावर चारच व्यंजनं आहेत: वाव, योद, ताव, नून. वाव हा ‘आणि’, कथेत पुढचं पाऊल टाकणारा. योद हा तृतीय पुरुषी एकवचनाचा पूर्वप्रत्यय. दोन्ही काढले की हातात ताव-नून उरतात. कोशात ताव-नून शोधायला गेलेला विद्यार्थी हात हलवत परत येतो. खूण तावच्या पोटातल्या ठिपक्यात आहे. त्या ठिपक्याला दागेश म्हणतात. आधी स्वर आणि मग दागेश, म्हणजे व्यंजन दुप्पट झालंय. का दुप्पट झालं? त्याच्या आधीचा नून त्यात मुरला म्हणून. धातू न-त-न, ‘नातान’, देणे.

यावरून एक चाचणी बनते, आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखी आहे. वाव आणि पूर्वप्रत्यय काढल्यावर दोनच व्यंजनं उरली तर काय हरवलं ते विचारायचं. उरलेल्या पहिल्या व्यंजनात दागेश असेल तर सुरुवातीचा नून हरवला. दागेश नाही आणि पूर्वप्रत्ययाखाली त्सेरे (दोन आडवे ठिपके) असेल तर सुरुवातीचा योद हरवला: ‘वय्येशेव’, धातू याशाव, बसणे. पूर्वप्रत्ययाखाली कामेत्स असेल तर मधलं अक्षर पोकळ आहे: ‘वय्याकोम’, धातू कूम, उठणे. यांतलं काही लागू पडत नसेल तर शेवटचा हे गळला असं धरून बघा: ‘वय्यिवेन’, धातू बाना, बांधणे. दोन नेहमीचे अपवाद: ‘लाकाख’ (घेणे) नूनवाल्यासारखा वागतो, म्हणून ‘वय्यिक्काख’, आणि ‘हालाख’ (जाणे) योदवाल्यासारखा, म्हणून ‘वय्येलेख’. चाचणी शंभर टक्के नाही. ‘बाखा’ (रडणे) याचं ‘वय्येव्क’ त्सेरे घेऊन येतं आणि हरवलेलं अक्षर मात्र शेवटचा हे असतं. तरीही कथेच्या गद्यात बहुतेक वेळा ती तुम्हाला कोशाच्या योग्य पानावर नेऊन सोडते.

याच टप्प्यावर संगणकावरची साधनं दार ठोठावतात. शब्दावर बोट ठेवलं की धातू, बिन्यान, पुरुष, वचन सगळं हजर. वापरा, पण क्रम उलटा ठेवा. आधी स्वतः पेन्सिलीने शब्दाखाली रूपओळख लिहायची, सगळं वचन संपवायचं, मग ताडून बघायचं. आधी ताडून मग ‘हो, असंच असणार’ म्हणणाऱ्याची परीक्षेत दांडी उडते. ओळींच्या मध्ये भाषांतर छापलेल्या पुस्तकांचंही तेच. डोळा आयत्या अर्थाकडे आधी जातो, त्याला आवर घालता येत नाही.

वाचनाची सुरुवात रूथ किंवा योनाने करावी. रूथचे चार अध्याय ८५ वचनांचे, योनाचे चार अध्याय ४८ वचनांचे. दोन्ही सरळ कथा (योनाचा दुसरा अध्याय पद्य आहे, तो शेवटी घ्या). काव्य, म्हणजे स्तोत्रं, यशया, आणि सगळ्यांत शेवटी ईयोब, हे तिसऱ्या वर्षाचं काम. अरामीला (हिब्रूच्या जवळच्या भाषेला) घाबरायचं कारण नाही. जुन्या करारात ती मोजक्या जागी आहे: दानीएल २:४ च्या मध्यापासून ७:२८ पर्यंत, एज्रा ४:८ ते ६:१८ आणि ७:१२ ते २६, यिर्मया १०:११ हे एक वचन, आणि उत्पत्ती ३१:४७ मधले दोन शब्द. हिब्रूची दोन वर्षं झाल्यावर अरामीला एक सत्र पुरतं.

ग्रीक: संस्कृत झालं असेल तर अर्धी लढाई जिंकलेली

नव्या कराराची ग्रीक म्हणजे कोइने, त्या काळी पूर्व भूमध्य सागराभोवती सर्रास चालणारी बोली. २४ अक्षरं, तीन लिंगं, पाच विभक्त्या. शाळेत संस्कृत झालेल्याला इथे ओळखीचे चेहरे भेटत राहतात. ‘दिदोमि’ समोर ‘ददामि’ ठेवा, ‘तिथेमि’ समोर ‘दधामि’. भूतकाळी रूपात धातूच्या आधी ‘ए’ लागतो तो आपल्या ‘अभवत्’ मधल्या अ-आगमाचा सख्खा भाऊ. ‘लेलुका’ या रूपातलं द्वित्व ‘चकार’ मधल्या द्वित्वासारखं. आणि ग्रीकचा मध्यम प्रयोग आत्मनेपदाला इतका जवळचा आहे की ज्याला ‘लभे’ कळतं त्याला ‘लुओमाइ’ समजावून सांगायला फार वेळ लागत नाही.

पण हीच ओळख दोन ठिकाणी दगा देते. संस्कृतच्या आठ विभक्त्यांचं काम इथे पाचच करतात. पंचमीचं काम षष्ठीच्या रूपाकडे गेलंय, तृतीया आणि सप्तमीचं चतुर्थीच्या रूपाकडे. म्हणून चतुर्थी दिसली की ‘ला’ लावून मोकळं व्हायचं नाही. ‘ने’ आणि ‘त’ सुद्धा तपासायचं. दुसरं, कोइनेत द्विवचन उरलेलं नाही, ते शोधत बसू नये.

ग्रीक क्रियापदात सर्वाधिक चुका आगमाच्या जागेवरून होतात. उपसर्ग असलेल्या धातूत आगम उपसर्गाच्या नंतर बसतो. ‘अपो’ अधिक ‘लुओ’ याचं भूतकाळी रूप ‘अपेलुसा’. ‘अनु’ अधिक ‘वद्’ याचं ‘अन्ववदत्’ होतं, तीच तऱ्हा. हे लक्षात नसेल तर विद्यार्थी ‘अपे’ पासून सुरू होणारा धातू कोशात शोधत बसतो. तसंच ‘एलाम्बानोन’ आणि ‘एलाबोन’: एकाच ‘लाम्बानो’ (घेणे) धातूची ही दोन रूपं आहेत, पहिलं चालू भूतकाळाचं, दुसरं आओरिस्तचं (साध्या भूतकाळाचं). प्रत्यय अगदी सारखे आहेत, फरक फक्त अंगात, म्हणजे प्रत्यय ज्याला लागतो त्या रूपात आहे. असे पन्नास-साठ अनियमित धातू त्यांच्या सहा मुख्य अंगांसह पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. कंटाळवाणं आहे, पण दुसरी वाट नाही.

वाचन योहानाच्या पहिल्या पत्रापासून (१०५ वचनं, तेच तेच शब्द फिरून येतात), मग योहानाचं शुभवर्तमान, मग मार्क. लूक आणि प्रेषितांची कृत्ये दुसऱ्या वर्षी. इब्री लोकांस पत्र पहिल्या वर्षी उघडूच नये. मोठमोठ्या वाक्यांनी उत्साह मारला जातो.

शब्दसंग्रहाचे आकडे मात्र धीर देणारे आहेत. नव्या करारात एकूण सुमारे १ लाख ३८ हजार शब्द आहेत, पण वेगवेगळे शब्द साधारण ५,४०० च. त्यातले ५० किंवा जास्त वेळा येणारे शब्द सुमारे ३१० ते ३२० आहेत आणि तेवढ्यांवर जवळपास ८० टक्के मजकूर भागतो. ३२० भागिले २६ आठवडे, म्हणजे आठवड्याला बारा-तेरा शब्द. हिब्रूत ५० वेळांच्या वर येणारे शब्द सुमारे ६४०, म्हणजे जवळपास दुप्पट. ते दोन वर्षांत विभागावे. शब्द शिकल्यावर दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी उलटून बघायचा. चिठ्ठीवर अर्थाबरोबर तो शब्द जिथे आला त्या वचनाचा तुकडाही लिहावा, नाहीतर नुसता मराठी प्रतिशब्द पाठ होतो आणि मजकुरात शब्द ओळखता येत नाही.

दोन्ही भाषा एकाच सत्रात सुरू करू नका. संस्कृत झालं असेल तर पहिल्या वर्षी हिब्रू आणि दुसऱ्या वर्षी ग्रीक, कारण हिब्रूला मुरायला जास्त वेळ लागतो आणि ग्रीकची पायाभरणी तुमच्याकडे आधीच आहे. संस्कृत नसेल आणि ओढा रोमन काळाकडे असेल तर ग्रीक आधी घ्या.

इतिहास: तारखांच्या मुळाशी जायचं

इतिहासाच्या पेपरात या विद्यार्थ्यांना एक फायदा असतो: मूळ कागद वाचता येतो. तो वापरायचा तर एकाच घटनेची दोन बाजूंची साधनं समोरासमोर मांडायला शिकावं. इ.स.पू. ७०१ हे साल यासाठी उत्तम. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याच्या बखरीत लिहिलंय की त्याने ४६ तटबंद शहरं घेतली आणि यहूदाचा राजा हिज्कीया याला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. यरुशलेम घेतल्याचं मात्र तो कुठेच म्हणत नाही. खंडणीचं सोनं दोन्हीकडे ३० किक्कार (त्या काळचं एक मोठं वजन). चांदी २ राजे १८:१४ मध्ये ३०० किक्कार, सन्हेरीबाच्या बखरीत ८००. कच्चा विद्यार्थी इथे ‘कोण खोटं बोलतंय’ असं विचारतो. चांगला विद्यार्थी विचारतो की कोणता आकडा कोणासाठी, कोणत्या प्रकारच्या लेखात लिहिला गेला, आणि सोन्याचा आकडा जुळतो तर चांदीचा का नाही.

राजांच्या कारकिर्दीची वर्षं मोजताना तर हमखास पाय घसरतो. बाबेलमध्ये राजा गादीवर आला ते अपुरं वर्ष ‘राज्यारोहणाचं’ धरत आणि पहिलं वर्ष पुढच्या नववर्षापासून मोजत. दुसऱ्या पद्धतीत ते अपुरं वर्षच पहिलं. यरुशलेम इ.स.पू. ५९७ मध्ये पडलं तेव्हा यिर्मया ५२:२८ प्रमाणे बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचं सातवं वर्ष होतं, २ राजे २४:१२ प्रमाणे आठवं. बाबेलची बखरही सातवंच सांगते. घटना तीच, मोजदाद वेगळी.

आणि हे सगळे आकडे आपल्या सनावळीला बांधले गेले कसे? एका ग्रहणामुळे. अश्शूरी लोक प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचं नाव देत. बुर-सगाले याच्या वर्षी सिमानु महिन्यात सूर्यग्रहण झाल्याची नोंद त्यांच्या यादीत आहे. खगोलगणिताने ते १५ जून इ.स.पू. ७६३ चं ठरतं आणि तिथून मागे-पुढे अख्खी यादी बसते. हे ग्रहण स्वतः संगणकावर पडताळून बघायचा स्वाध्याय अनेकांना दिला जातो, आणि निम्म्यांना ग्रहण सापडत नाही. कारण साधं आहे. इतिहासकारांच्या मोजणीत इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, शून्य वर्ष नाही. खगोलशास्त्रज्ञांच्या मोजणीत शून्य आहे. म्हणून यंत्रात उणे ७६३ न टाकता उणे ७६२ टाकायचं, आणि दिनदर्शिका जुलियन आहे हे तपासायचं.

विज्ञान: कुठलं घ्यावं आणि कार्बन कुठे फसवतो

या जोडीला रसायनशास्त्र किंवा भूशास्त्र घ्यावं, आणि काही झालं तरी संख्याशास्त्राचा एक पेपर घ्यावाच. जीवशास्त्रही चालतं, कारण चामड्यावरच्या हस्तलिखितांत प्राण्याचा डीएनए तपासून तुकडे जुळवायचं काम आता होतं. पण सगळ्यांत जास्त उपयोग होतो तो किरणोत्सर्गी कार्बनच्या कालमापनाचा, आणि सगळ्यांत जास्त गैरसमजही त्याच्याचबद्दल आहेत.

गणित असं. प्रयोगशाळा नमुन्यातलं कार्बन-१४ चं प्रमाण आधुनिक प्रमाणाच्या किती पट आहे ते देते. समजा ०.७८. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम उणे ०.२४८५. याला उणे ८,०३३ ने गुणायचं: १,९९६ वर्षं. हा ८,०३३ आला कुठून? ५,५६८ या अर्धायुष्याला २ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमने भागून. इथे हुशार विद्यार्थी हमखास चुकतो. त्याने भौतिकशास्त्रात खरं अर्धायुष्य ५,७३० वाचलेलं असतं, तो ते वापरतो आणि उत्तर २,०५४ येतं. ५,५६८ हा ही पद्धत काढणाऱ्या लिबीच्या काळचा जुना आकडा संकेत म्हणून मुद्दाम टिकवलाय, कारण अंशांकन वक्र (कच्च्या वयावरून खरं वय वाचायचे आलेख) त्याच संकेताने काढलेत. वक्र वापरला की फरक आपोआप भरून निघतो. लिबीला या पद्धतीसाठी १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसरी चूक: १,९९६ हे १९५० मधून वजा करून ‘इ.स.पू. ४७’ लिहून टाकणं. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण काळानुसार वरखाली होत आलंय, म्हणून कच्चं वय झाडांच्या वर्तुळांवरून बनवलेल्या वक्रावर लावावंच लागतं. उत्तर एक साल नसतं, कालखंड असतो, ६८ किंवा ९५ टक्के संभाव्यतेचा. लेखात नेहमी ९५ टक्क्यांचा द्या. मोजमापात ०.००४ ची अनिश्चितता असेल तर नुसत्या कच्च्या वयात अधिक-उणे ४१ वर्षं येतात.

बायबलच्या इतिहासाचं दुर्दैव असं की इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात तो वक्र जवळजवळ सपाट आहे. यहूदाचे शेवटचे राजे, बाबेलचा बंदिवास आणि पारसी काळाचा मोठा भाग त्याच सपाटीवर येतो. तिथला एकटा नमुना कितीही नेटका मोजला तरी उत्तर शेकडो वर्षांवर पसरतं. उपाय म्हणजे थरांच्या क्रमाने घेतलेले अनेक नमुने आणि त्या क्रमाची अट घालून केलेलं संख्याशास्त्र. पेपर घ्या म्हटलं ते याचसाठी.

दूषितपणाचा हिशेब एकदा हाताने करून बघावा. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या काही हस्तलिखित गुंडाळ्यांवर १९५० च्या दशकात अक्षरं उठून दिसावीत म्हणून एरंडेल लावलं गेलं. एरंडेल म्हणजे ताज्या वनस्पतीचा कार्बन. नमुन्यातल्या कार्बनचा फक्त एक टक्का तसा असेल तर ०.७८ चं ०.७८२२ होतं आणि वय सुमारे २३ वर्षांनी कमी दिसतं. तेच एक टक्का पेट्रोलियमपासून बनलेल्या गोंदाचं असेल तर त्यात कार्बन-१४ अजिबात नसतं आणि वय सुमारे ८० वर्षांनी वाढतं, नमुना कितीही जुना असो. म्हणून नमुना घेण्याआधी जतनाच्या नोंदी वाचायच्या असतात. आम्ल-अल्कली-आम्ल धुण्याने तेल पूर्ण निघत नाही, त्याला आधी सेंद्रिय द्रावक लागतो.

शिवाय कार्बन पानाचं वय सांगतो, अक्षरांचं नाही. २०१२ साली ‘येशूची पत्नी’ असे शब्द असलेला कॉप्टिक (इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) पपायरसचा तुकडा गाजला. पपायरस खरंच जुना होता, सातव्या ते नवव्या शतकाच्या आसपासचा. पण मजकुराची वाक्यं थोमाच्या (बायबलबाहेरच्या) शुभवर्तमानातून उचललेली निघाली, आणि इंटरनेटवरच्या त्याच्या एका प्रतीत गळलेलं एक अक्षर या तुकड्यातही गळलेलं होतं. बनावटगिरी पकडली ती व्याकरण आणि पाठ (हस्तलिखितांतला नेमका मजकूर) जाणणाऱ्यांनी.

उलट बाजूचं उदाहरण मृत समुद्राकाठच्या एन-गेदीचं. १९७० मध्ये तिथल्या सभास्थानाच्या उत्खननात कोळसा झालेली गुंडाळी मिळाली, हात लावला की तुकडे पडणारी. २०१५ मध्ये सूक्ष्म क्ष-किरण चित्रणातून ती न उलगडता वाचली गेली. आत लेवीयच्या सुरुवातीचे अध्याय होते आणि व्यंजनं मासोरेती पाठाशी (त्या पंडितांनी जपलेल्या मजकुराशी) तंतोतंत जुळणारी. तिथे भाषा जाणणाऱ्यांना आधी यंत्राची वाट बघावी लागली.

तिघं एका ठिकाणी

यरुशलेमच्या शिलोह बोगद्याचा अभ्यास तिन्ही विषय एकत्र वापरायला शिकवतो, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तो जरूर करावा. बोगदा सुमारे ५३३ मीटर लांब. त्यात १८८० साली सहा ओळींचा लेख सापडला, तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. लेखात दोन बाजूंनी खोदत आलेल्या कामगारांनी एकमेकांचे आवाज ऐकले आणि पाणी १,२०० हात वाहिलं असं आहे. लिपी वर्गात शिकलेली चौकोनी नाही, जुनी हिब्रू आहे. स्वरचिन्हं नाहीत, शब्दांच्या मध्ये ठिपके आहेत. राजाचं नावही नाही. २ राजे २०:२० मध्ये हिज्कीयाने पाणी शहरात आणल्याचं आहे, पण हाच तो बोगदा हे लेखातून सिद्ध होत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोगद्याच्या गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींचा कार्बन तपासला आणि गिलाव्यानंतर छतावर वाढलेल्या चुनखडीच्या लोंबाचं युरेनियम-थोरियम वय काढलं. पहिल्याने ‘याच्या आधीचा नाही’ कळलं, दुसऱ्याने ‘याच्या नंतरचा नाही’. निष्कर्ष इ.स.पू. ७०० च्या आसपासशी जुळतो.

५३३ मीटरला १,२०० ने भागलं की एक हात साधारण ४४ सेंटिमीटर येतो. १,२०० हा ठोकळ आकडा आहे, तेव्हा दशांशाच्या पुढे जाऊ नका. आता हाच हात घेऊन १ शमुवेल १७:४ कडे या. मासोरेती पाठात गल्याथाची उंची सहा हात एक वीत, म्हणजे साडेसहा हात, सुमारे २ मीटर ८६ सेंटिमीटर. मृत समुद्राजवळच्या कुम्रानच्या चौथ्या गुहेतली शमुवेलाची प्रत आणि व्हॅटिकनससारखी जुनी ग्रीक हस्तलिखितं मात्र चार हात एक वीत सांगतात, म्हणजे सुमारे २ मीटर. कोणता पाठ आधीचा, यावर पदवीच्या पातळीचा चांगला निबंध होतो. सोपा विषय हवा असेल तर उत्पत्ती १०:४ चा ‘दोदानीम’ आणि १ इतिहास १:७ चा ‘रोदानीम’ घ्या. दालेत-रेशचा तोच गोल कोपरा, आणि ग्रीक भाषांतराने कोणतं अक्षर वाचलं होतं ते तपासायचं.

सत्रांची मांडणी

सहा सत्रं धरली तर पहिल्या दोनात एक भाषा, रसायनशास्त्राचा पाया आणि प्राचीन पश्चिम आशियाचा सर्वसाधारण इतिहास. तिसऱ्या-चौथ्यात पहिल्या भाषेतलं गद्य वाचन, दुसऱ्या भाषेचं व्याकरण, संख्याशास्त्र, आणि इतिहासाचा एकच पेपर. हे वर्ष सगळ्यांत जड जातं, म्हणून इथे प्रयोगशाळेचा मोठा पेपर ठेवू नये. पाचव्यात कालमापन किंवा पदार्थविश्लेषण, पाठचिकित्सा (हस्तलिखितांतल्या फरकांवरून मूळ मजकूर ठरवणं) आणि काव्यवाचन. सहाव्यात अरामी आणि प्रबंध.

प्रवेश घेताना विभागाला दोन गोष्टी विचारा. दुसऱ्या वर्षाचा वाचनवर्ग दरवर्षी चालतो की वर्षाआड? विद्यार्थी कमी असल्याने तो बऱ्याच ठिकाणी वर्षाआड असतो आणि मधल्या रिकाम्या वर्षात व्याकरण विसरतं. तसं असेल तर त्या वर्षी रोज पाच वचनं स्वतः वाचायची व्यवस्था लावावी लागते. दुसरं, हिब्रूचा तास आणि प्रयोगशाळेचा तास एकाच दुपारी येतात का? दोन वेगळ्या विद्याशाखांची वेळापत्रकं वेगवेगळी माणसं बनवतात, त्यामुळे हे भांडण ठरलेलं असतं. ते प्रवेशाच्या आठवड्यातच सोडवून घ्या. सत्र सुरू झाल्यावर प्रयोगशाळेची तुकडी बदलून मिळत नाही.

प्रबंधाचा विषय लहान ठेवा. ‘निर्गमाचा इतिहास’ हा विषय नाही. एक वचन, त्याचे तीन पाठ, एक लेख किंवा एक मोजमाप एवढं आठ-दहा हजार शब्दांना भरपूर होतं. मूळ हिब्रू किंवा ग्रीक उतारा टंकित करताना स्वरचिन्हांसह युनिकोडच वापरा. जुन्या पद्धतीचे फॉन्ट दुसऱ्या संगणकावर उघडले की उजवीकडून डावीकडचा मजकूर उलटा होतो, आणि ते सादर करण्याच्या आदल्या रात्री लक्षात येतं.